फडातली बाळंतीण

हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर बीडजवळच्या पालीवरून सोलापूरच्या दिशेने ट्रॅक्टर सुटलेले असतील. ट्रॉलीत पत्रे, भांडीकुंडी, कोंबड्यांचं डालगं आणि या सगळ्यावर बसलेल्या बायका. कुणाला सातवा लागलेला, कुणाच्या मांडीवर सव्वा महिनाही न झालेलं लेकरू. साखर कारखान्याचं धुराडं पेटायच्या आत उसाचा फड गाठायचा, म्हणून कित्येकींची दिवाळी वाटेतच होते.

प्रसूती लाभाचा 1961 चा कायदा कागदावर उदार होता. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे पगारी रजा दिली, 50 कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत त्याला पाजायला दिवसातून दोनदा वेगळी सुट्टी तर आधीपासूनच होती. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे सारं आलं आहे. रजेसाठी अट एकच: आधीच्या बारा महिन्यांत मालकाकडे 80 दिवस काम झालेलं हवं.

ऊसतोडीत 80 दिवस संक्रांतीच्या आसपासच भरतात. पण भरतात कुणाकडे? उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या नावावर, हिशेब जोडीचा. नवराबायको मिळून एक कोयता. कारखाना वाहतूकदाराकडे बोट दाखवतो, वाहतूकदार टोळी आणणाऱ्या मुकादमाकडे, आणि मुकादम म्हणतो, मी तर यांच्यातलाच. हजेरीपत्रकात तिचं नाव नाही, म्हणून तिला मालकच नाही.

फडात नवरा सपासप तोडत जातो. ती मागून वाढे काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढते. पोर बांधावर लुगड्याच्या झोळीत. त्याला पाजायला बसली की मागे ऊस साचतो. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. अंग मोडून आलं म्हणून कोपीत पडून राहिली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत वळते. 2019 मध्ये गाजलेली गर्भाशय काढल्याची प्रकरणं याच खाड्याच्या धाकातून वाढली. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीच्या वेळच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली.

बाळंतिणीच्या विश्रांतीची मागणी काही आजची नाही. 28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यांतल्या बायकांसाठीच्या प्रसूती विधेयकाची बाजू घेताना डॉ. आंबेडकरांनी आईची विश्रांती राष्ट्रहिताची मानली, आणि तिचा भार सरकारनेही उचलावा असं सांगितलं. पुढच्याच वर्षी कायदा झाला. गिरणीच्या दारात हजेरी लागायची, म्हणून तो राबवता तरी आला. फडाला दार नसतं, ही सबब मात्र आम्हाला पटत नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घ्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असं ठरलं. म्हणजे टन मोजता येतो, काट्यावर त्याची पावती फाटते, कारखान्याकडे पैसेही मागता येतात. मग बाळंतिणीची मजुरी तेवढी कुणाच्याच खात्यात कशी बसत नाही? उचलीच्या कागदावर आणि टोळीच्या यादीत तिचं नाव वेगळं लिहा, सुरुवात तिथून होईल.

मुकादमांतही आमचे वाचक असतील. सातव्या महिन्यातली बाई टोळीत असली तर ते उचल किती देतात, ती फडात बाळंत झाली तर पुढच्या दिवसांचा हिशेब कसा धरतात, हे त्यांनी आम्हाला लिहून कळवावं. उत्तरं पुढच्या अंकात जशीच्या तशी छापू. कारखान्यांच्या कार्यकारी संचालकांसाठीही दोन पानं राखून ठेवली आहेत.