हृदयाचे चित्र आणि रसायनशाळा

आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील गेल्या महिन्यात सक्करदरा तलावाच्या काठी भेटले. मुलगा बारावी उत्तीर्ण झाला असून त्याचा ओढा रसायनशास्त्राकडे आहे. वडिलांचा निश्चय मात्र त्यास वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस पुन्हा बसविण्याचा. ते म्हणाले, "सर, रसायन शिकून फार तर तो तुमच्यासारखा शिक्षक होईल. जीव वाचवतो तो डॉक्टरच ना?" पहिल्या वाक्याचा आम्हांस विषाद वाटला नाही. दुसरे मात्र अर्धेच खरे आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

गतवर्षी आमच्या वडील बंधूंस चालताना छातीत दुखू लागले. त्यांची जी तपासणी झाली तीत शिरेतून एक औषध टोचतात, व ते हृदयाच्या स्नायूंत कोठे पोचले हे बाहेरून विशिष्ट कॅमेऱ्याने टिपतात. एकदा श्रमानंतर, एकदा विश्रांतीत. श्रमानंतर फिका दिसणारा जो भाग विश्रांतीत भरून येतो, तो जिवंत, पण रक्तास आसुसलेला. तेथे रक्ताची वाट मोकळी केल्यास लाभाचा संभव असतो. दोन्ही वेळा रिकामा दिसणारा भाग बहुधा मृत झालेला. छाती न उघडता होणाऱ्या या निवाड्यावर पुढील उपचार ठरतात.

हे औषध कोणी घडविले? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेतील रसायनाध्यापक ॲलन डेव्हिसन व हार्वर्डमधील त्यांचे सहकारी जोन्स यांनी. सेस्टामिबी हे त्याचे नाव. अमेरिकेत त्यास १९९० साली मान्यता मिळाली. मध्यभागी किरणोत्सर्गी टेक्नेशियमचा एक अणू, आणि त्यास सहा बाजूंनी धरून ठेवणारे सहा कार्बनी रेणू, अशी त्याची रचना. त्यावर धनभार असूनही ते मेदात मिसळणारे आहे. म्हणूनच ते हृदयपेशीच्या पडद्यातून आत शिरते आणि आतच धरले जाते. हा गुण योगायोगाने येत नाही. बाजूचे रेणू बदलून पाहावे लागतात, पुनःपुन्हा.

अडचण आणखी एक. या टेक्नेशियमचे सामर्थ्य दर ६ तासांनी निम्मे होते. मुंबईहून रात्रीच्या गाडीने धाडल्यास नागपुरास पोचेपर्यंत जेमतेम चौथा हिस्सा उरावा! म्हणून ६६ तासांत निम्मे होणारे मोलिब्डेनम पेटीत भरून धाडतात, आणि त्यापासून उपजणारे टेक्नेशियम रुग्णालयात रोज धुऊन काढतात. या पेटीस जाणते लोक थट्टेने 'गाय' म्हणतात. काढलेली 'धार' कुपीतील कोरड्या भुकटीत घालून दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवली की औषध सिद्ध. (बंधूंस 'किरणोत्सर्गी' या शब्दाचेच भय अधिक होते. एका दिवसात त्याचा सोळावा हिस्सा उरतो, हे सांगितल्यावर ते निजले.)

हे काम परदेशातच चालते असेही नव्हे. परळचे विकिरण वैद्यक केंद्र १९६३ पासून आहे. अशा कुप्या पुरविणारे वाशीचे 'ब्रिट' मंडळ १९८९ साली स्थापन झाले. त्यांस रसायनज्ञ लागतात. आपल्या नागपुरातही १९२३ चे विद्यापीठ आहे, आणि १९४२ साली सुरू झालेली लक्ष्मीनारायण संस्था आज स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे.

वाट लांबची आहे, जागा थोड्या आहेत, आणि डॉक्टरांस मिळणारा मान येथे मिळत नाही, हे आम्ही पालकांपासून लपवीत नाही. मुलाचा अर्ज मात्र अजून भरावयाचा आहे. येत्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी जाणार आहोत; बंधूही सोबत येतो म्हणाले आहेत.