‘नाही’ हेसुद्धा उत्तरच

“आमच्याकडची माहिती सुरक्षित आहे,” असं कुणी सांगितलं की मी विचारते, कुणापासून? चोरून ऐकणाऱ्यापासून, की पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून शिकत जाणाऱ्यापासून?

इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त राहावेत म्हणून ‘सार्वजनिक किल्ली’ची पद्धत वापरतात. मजकूर बंद करायची किल्ली सर्वांना खुली, उघडायची फक्त एकाकडे. चोरून ऐकणाऱ्याला हे कुलूप दाद देत नाही. पण १९९८ साली डॅनिएल ब्लायखेनबाखर या संशोधकाने त्या काळी वेबवर रूढ असलेल्या आरएसए पद्धतीतली एक फट दाखवली. विरोधक पकडलेला बंद मजकूर थोडाथोडा बदलून सर्व्हरकडे पाठवतो. मांडणी बरोबर की चूक, एवढंच सर्व्हर कळवतो. त्यावरून पुढचा प्रश्न ठरतो. असे सुमारे १० लाख प्रश्न विचारले की मूळ मजकूर हाती! किल्ली चोरावी लागतच नाही.

अशा विरोधकापुढे टिकणारी रचना डॅनी डोलेव्ह, सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९१ मध्येच मांडली होती. १९९८ साली क्रेमर आणि शूप यांनी प्रत्यक्ष वापरता येईल अशी पद्धत दिली. तिच्यात हात लावलेला मजकूर सरळ नाकारला जातो. त्यातून काही शिकता येत नाही. तरीही तीच जुनी फट २०१७ मध्ये अनेक मोठ्या वेबसाइटवर पुन्हा सापडली. “एवढंसं कळलं तर काय बिघडतं?” ही वृत्ती इतकी चिवट असते.

मैत्रिणींनो, हा विरोधक आपल्या ओळखीचा आहे. घर सोडून आलेल्या बाईचा नवरा केंद्रात फोन करतो. मग दीर करतो, मग “शाळेतून बोलतोय” म्हणणारा कुणी. एरवी आपण “नाही” म्हणतो आणि ती आत असली की “सांगता येणार नाही” म्हणतो. या फरकातूनच त्याला पत्ता लागतो.

म्हणून माझा आग्रह आहे : बाई केंद्रात असो वा नसो, फोन कुणाचाही असो, उत्तर एकच. “कोण इथे आहे, कोण नाही, हे आम्ही सांगत नाही. निरोप असेल तर लिहून घेते.” काळजीने विचारणाऱ्या आईला हे कठोर वाटेल. पण तिचा निरोप पोचेल, आणि तिच्या लेकीचा ठावठिकाणा कुणाला कळणार नाही. फोन घेणाऱ्या प्रत्येकीला हे शिकवू या. केसची कागदपत्रं संगणकावर ठेवतानाही पहिला प्रश्न हाच विचारू या : कुणापासून सुरक्षित?