इंग्रजी बोलण्यासाठी मोबाईल पुरेसा आहे का?

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही आपला पदवीधर तरुण मुलाखतीत अडखळतो, कारण वर्गात इंग्रजी लिहिली-वाचली जाते, बोलली जात नाही. इथे मोबाईल कामाला येतो. गुगलने २०१९ मध्ये भारतात आणलेले 'बोलो' अ‍ॅप मुलाचे वाचन ऐकून अडलेला शब्द सांगायचे, तेही इंटरनेटशिवाय. यंत्र चुकीला हसत नाही, त्यामुळे भीड मोडते. पण उच्चार सुधारला म्हणजे मुद्दा मांडता आला, असे नाही. ते धाडस माणसांसमोर बोलूनच येते. म्हणून रोज मोबाईलवर सराव आणि आठवड्यातून एकदा अभ्यासिकेत चारचौघांसमोर इंग्रजीतून चर्चा, हे प्रत्येक वस्तीत सुरू झाले पाहिजे. नाहीतर महागड्या क्लासची फी परवडणारेच पुढे जातील.