‘आई, तुम्ही बसा, मी करते!’

‘आई, तुम्ही बसा, मी करते,’ हे आपल्या घरांतले फार प्रेमळ वाक्य. म्हातारपणी तोल जाण्यात त्याचाही वाटा असतो, असे म्हटले तर अनेकांना राग येईल. वृद्धांच्या राहण्याची चर्चा आपण मुलांजवळ, एकटे की वृद्धाश्रमात, एवढ्यावरच उरकतो. त्या घरात ते दिवसातून किती वेळा उठतात, वाकतात, वळतात, हे कोणी विचारत नाही. डोळे, कानाचा आतला भाग, तळव्यांची जाणीव आणि पायांचे स्नायू मिळून तोल सांभाळतात. त्यातल्या स्नायूंचा वापर थांबला की ते लवकर हात टेकतात. ताट जागेवर येते, तांब्या उशाशी असतो, पूजाही खुर्चीत होते. मग उठायचे कशाला?

‘बाबा रोज सकाळी फेरी मारतात की,’ असे यावर ऐकू येते. फेरी हृदयाला चांगलीच. पण वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९च्या आढाव्यात व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलेले दिसले, त्यात भरवशाचा ठरला तो तोलाचा आणि उठण्याबसण्यासारख्या हालचालींचा व्यायाम. नुसत्या चालण्याबद्दल तसे ठामपणे सांगता आले नाही. जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम सुचवते. ओट्याला हात टेकून टाचा उचलणे किंवा हात न टेकता खुर्चीतून उठणे, इथूनही सुरुवात होते.

हिंडूफिरू दिले आणि पडले तर? भीती खरी आहे. खुबा मोडला की अनेक जण पूर्वीसारखे चालत नाहीत, आणि एकट्या माणसाला उचलायलाही कोणी नसते. सोबतीचे मोल तिथे कळते, म्हणून एकटे राहण्याची भलामण मी करणार नाही. पण धोका कमी करायचा तर माणसाला बसवण्याआधी घर सुधारावे. पडण्याचा धोका जास्त असलेल्यांच्या घरातले अडथळे दूर केल्यावर पडण्याचे प्रमाण ३८ टक्क्यांनी घटल्याचे कॉक्रेनच्याच २०२३च्या आढाव्यात आहे. आपले अडथळे ओळखीचेच: ओली गुळगुळीत फरशी, न्हाणीघराचा उंबरठा, सरकणारे पायपुसणे, रात्री विझवलेला दिवा. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभांत पार्किंगवरून वर्षानुवर्षे भांडणारे सभासद संडासात आधाराची दांडी क्वचितच मागतात. ती बसवावी आणि कपडे वाळत घालणे, भाजी निवडून ठेवणे आईंकडेच राहू द्यावे. यात राबवून घेणे नको. दमल्या की त्या सांगतीलच. कुकर लावायचे काम बाबांनी घ्यायलाही हरकत नाही.