जोडी फोडू नका

जुन्या पेटीत चार इंच लांबीची पुठ्ठ्याची पट्टी सापडते. तिच्यात हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन चिमुकल्या रंगीत चौकटी असतात. घरातले म्हणतात, एक थोरल्या भाईला, एक धाकट्याला. पूर्व आफ्रिकेत नोकरी केलेल्या कोकणातल्या एका कुटुंबातली अशी वाटणी आम्ही ऐन वेळी थांबवली. मरहूम दादीचा रंगीत फोटो तेवढा एकच होता.

या स्टिरिओ स्लाइड्स. १९४७ साली अमेरिकेतल्या मिल्वॉकीच्या डेव्हिड व्हाइट कंपनीने स्टिरिओ रिअलिस्ट नावाचा कॅमेरा विकायला काढला. त्याला दोन भिंगे, एकमेकांपासून सात सेंटीमीटरवर. बटण एकदा दाबायचे आणि एकाच क्षणाची दोन चित्रे मिळायची, पण किंचित वेगळ्या जागेवरून घेतलेली. व्ह्यूअरला डोळे लावले की माणूस समोर बसल्यासारखा दिसतो. जोडी तुटली की ते गेले.

फोटो सगळ्यांना हवा असेल तर तो कागदावर छापून घ्यावा. पूर्वी स्लाइडवरून थेट छपाईचा सिबाक्रोम कागद मिळे, तो बंद झाला. आता आधी स्कॅन, मग छपाई. एक चौकट साधारण २३ बाय २४ मिलिमीटरची. ४००० डीपीआयने स्कॅन केली तर हिशेबाने बारा इंचांची छपाई बसते, पण आठ इंचांपुढे जाऊ नये असे आम्हाला वाटते. मोबाइलने व्ह्यूअरमधून काढलेला फोटो कागदावर टिकत नाही, तो नाद सोडावा.

स्टुडिओवाल्याला दोन्ही चौकटी स्कॅन करायला सांगा. तो म्हणेल, एकच पुरे. ऐकू नका. डावीकडच्या चित्रात चेहऱ्यावर ओरखडा असेल, तर उजवीकडे तीच जागा बहुधा स्वच्छ असते. कधी एकच भिंग नीट जुळलेले असते आणि डोळ्यांतली चमक त्याच चौकटीत येते.

फिल्म कोडॅक्रोम असेल तर स्कॅनरची धूळ पुसण्याची आपोआप सोय बंद ठेवायला सांगावे. ती या फिल्मवर गोंधळते आणि बारीक तपशीलच खाते. चित्रावर निळसर झाक आली तर ती स्कॅननंतर काढता येते.

चित्र निवडताना एक गोष्ट ध्यानात घ्या. व्ह्यूअरमध्ये सुंदर वाटणारी झाडाच्या फांद्यांतली बैठक कागदावर नुसता गुंता होते, कारण तिची शोभा खोलीत होती. मागची भिंत साधी आणि चेहऱ्यावर बाजूचा उजेड असलेले चित्र कागदावर जास्त खुलते.

आणि पाट्या वाचा! फिल्म उलट बाजूने ठेवली गेली तर डावे-उजवे फिरते. स्कॅन करणाऱ्याला उर्दू येत नसेल तर दुकानाची उलटी पाटी त्याच्या ध्यानात येणार नाही. ते काम घरातल्या वाचणाऱ्याचे.

छपाई प्रत्येक भावंडाला द्या, बहिणींनाही. मूळ जोडी मात्र व्ह्यूअरसकट एकाच घरी राहावी, अंधाऱ्या डब्यात. कोकणातल्या पावसाळ्यात फिल्मला बुरशी धरते, तेव्हा ज्याच्या घरच्या भिंतींना ओल येत नाही त्याच्याकडे ती द्यावी, मग तो थोरला असो वा धाकटा.