नोंद भट्टीपाशी व्हावी : सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयास खुले पत्र

मा. मंत्री, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग, भारत सरकार यांस,

लघुउद्योगांच्या संगणकीकरणासाठी मिळणारे सरकारी साहाय्य कारखान्याच्या कचेरीपाशीच थांबते की उत्पादनापर्यंत पोहोचते, याचा फेरविचार व्हावा, यासाठी हे पत्र कोल्हापूरच्या ओतकाम उद्योगाचे उदाहरण घेऊन लिहिले आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत मोटारी, ट्रॅक्टर आणि पंपांचे बिडाचे सुटे भाग तयार होतात. तेथील हिशेब संगणकावर आणण्याचे काम प्रामुख्याने करव्यवस्थेने केले आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, २०१८ मध्ये ई-वे बिल आले, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवून क्रमांक घेतलेले बीजक, सक्तीचे झाले. परंतु ही सक्ती विक्रीच्या बीजकापुरती आहे. माल कसा बनला आणि कोठे बिघडला, याच्याशी तिचा संबंध नाही.

भट्टीतून एका वेळी वितळवून काढलेल्या धातूला ‘हीट’ म्हणतात. प्रत्येक हीटला क्रमांक असतो, तिच्यातील कार्बन, सिलिकॉन, मँगनीज यांचे प्रमाण तपासले जाते आणि तो धातू अनेक साच्यांत ओतला जातो. त्यानंतर ओतीव भागांची वाळू झाडून, कडा घासून ते मशिनिंगसाठी पुष्कळदा दुसऱ्याच्या शेडमध्ये जॉबवर्कला जातात. धातूत वायू अडकून राहिलेली पोकळी, म्हणजे ‘ब्लो होल’, अनेकदा तेथे वरचा थर कापल्यावरच दिसते. तोवर काही दिवस उलटलेले असतात, आणि दोष ओलसर वाळूचा, कोअरचा (साच्यात बसवलेल्या वाळूच्या गाभ्याचा) की धातूच्या तापमानाचा, हे ठरवायचे तर तो भाग कोणत्या हीटचा आणि कोणत्या पाळीचा हे कळावेच लागते. हीटचा क्रमांक एका रजिस्टरात आणि रिजेक्शनचा आकडा दुसऱ्याच कागदावर राहिला, तर माल पुन्हा भट्टीत जातो, वीज दुसऱ्यांदा जळते आणि कारण मात्र हाती लागत नाही. माहिती प्रणालीचा खरा उपयोग या ठिकाणी आहे.

खरेदी, साठा, उत्पादन व हिशेब एकाच माहितीसाठ्यावर चालवणारी प्रणाली, म्हणजे ईआरपी, विकत घेऊनही हीट आणि रिजेक्शन यांचा हा दुवा जुळेलच असे नाही. काळवंडलेल्या हातांनी पाळी संपवणाऱ्या सुपरवायझरपुढे इंग्रजी पडदा ठेवला, आणि नोंदीसाठी त्याला वेगळा वेळ दिला नाही, तर नोंद दुसऱ्या दिवशी कचेरीतला कारकून अंदाजाने करतो. पडद्यावरचा साठा आणि आवारातला साठा जुळेनासा झाला की त्या आकड्यांवर कोणीच विसंबत नाही. रजिस्टर पुन्हा उघडले जाते आणि एकाच कामाच्या दोन नोंदी सुरू होतात. याला कामगारांचा आडमुठेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

मालकाची भीतीही समजून घेतली पाहिजे. मोठे ग्राहक ‘ओपन कॉस्टिंग’, म्हणजे खर्चाचा बाबवार तपशील, मागतात. त्यामुळे रिजेक्शन घटवून वाचवलेला पैसा पुढच्या दरकपातीत आपल्याकडून काढून घेतला जाईल, असे ज्याला वाटते, तो नेमके आकडे नोंदवण्यास का राजी होईल? २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने ग्राहकांवर लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन घातले आहे. ते काटेकोर पाळले गेले, तर थकलेल्या पैशांपायी ग्राहकापुढे दबून राहावे लागणार नाही आणि ही भीतीही काही अंशी ओसरेल.

म्हणून अनुदान सॉफ्टवेअरच्या खरेदीपावतीवर एकरकमी देऊ नये. त्याचा मोठा हप्ता वर्षभराच्या वापरानंतर द्यावा, आणि त्यासाठी हीटनिहाय रिजेक्शनचा अहवाल प्रणालीतून निघतो की नाही हे कारखान्यात जाऊन पाहावे. काही रक्कम माणसांसाठी राखून ठेवावी, जेणेकरून आठ-दहा लहान कारखान्यांना मिळून एक प्रशिक्षित तंत्रज्ञ नेमता येईल, जो पाळीच्या वेळी भट्टीपाशी उभा राहून नोंदीची पद्धत बसवील. नोंदीचा पडदा मराठीत असावा. करार संपल्यावर कारखान्याची सर्व माहिती अन्य प्रणालीत नेता येईल अशा स्वरूपात परत करण्याची अट पुरवठादारावर घालावी, कारण ती अट नसताना प्रणाली बदलणे म्हणजे जुन्या नोंदी गमावणे, आणि हा धोका लहान कारखानदाराला पेलणारा नाही.