अहवाल ‘नॉर्मल’, म्हणून गोळी बंद?

मध्यंतरी एक गृहस्थ आपल्या वृद्ध मातोश्रींना घेऊन आले. त्यांच्या हाती रक्ततपासणीचा अहवाल होता. “डॉक्टर, सगळे नॉर्मल आहे. म्हणून आईची रक्त पातळ करणारी गोळी आठ दिवसांपूर्वी थांबवली. चालेल ना?” मी मातोश्रींची नाडी पाहिली. ठोके पूर्वीइतकेच अनियमित होते. हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून त्याच दिवशी गोळी पुन्हा सुरू केली.

वाचकहो, ही चूक अजाणतेपणी घडते, म्हणून तिचे कारण समजून घेऊ. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तेथे रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. हा धोका साधारण पाचपट वाढतो. या विकाराचे निदान ईसीजीवर होते, रक्तावरून नव्हे.

मग रक्तातील निर्देशक काय सांगतात? हृदयाच्या भिंतींवर ताण आला की एनटी-प्रोबीएनपी वाढते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन वाढते. या विकारात हृदयविकाराचा झटका आलेला नसतानाही दोन्ही थोडी वाढलेली आढळू शकतात. वय आणि मूत्रपिंडाची दुर्बलता यांमुळेही ती वाढतात. ती जास्त असलेल्या रुग्णांना पक्षाघाताचा धोका अधिक असतो, असे दिसून आले आहे. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २०१६ मध्ये वय, हे दोन निर्देशक आणि पूर्वीचा पक्षाघात यांवरून धोका मोजण्याची पद्धतही मांडली. तथापि गोळी द्यावी की नाही, हे आजही मुख्यतः वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची दुर्बलता आणि पूर्वीचा पक्षाघात यांवरूनच ठरते. ‘नॉर्मल’ अहवालाने यांतले काहीच पुसले जात नाही.

त्यापेक्षा साध्या तपासण्या चुकवू नका. थायरॉइड वाढल्याने हा विकार उद्भवू शकतो. हिमोग्लोबिन उतरले तर कोठे रक्तस्राव होत नाही ना, हे पाहावे लागते. नव्या गोळ्यांची मात्रा ठरवताना क्रिएटिनिन पाहावे लागते. ते वर्षातून एकदा आणि पंचाहत्तरीनंतर सहा महिन्यांनी तपासावे. वॉरफेरिन घेणाऱ्यांचा आयएनआर सहसा २ ते ३ या दरम्यान हवा. संधिवाताच्या तापामुळे झडप अरुंद झालेल्यांनी तर वॉरफेरिन सोडून परस्पर दुसरी गोळी मुळीच घेऊ नये.

शौचास काळे होणे किंवा हिरड्यांतून वारंवार रक्त येणे दिसल्यास लगेच डॉक्टरांना कळवा. तोंड वाकडे होणे, हातातील बळ जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले, तर वेळ लिहून ठेवा आणि तत्काळ रुग्णालय गाठा. अहवाल हाती आला की तो डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र त्यांना विचारल्यावाचून एक दिवसही थांबवू नका.